रिकामी खोकी

चिकटपट्टीचा डिंक साधारण पाच वर्षं टिकतो. मग पट्टी पिवळी पडते, कडेने उचलली जाते आणि एक दिवस आवाज न करता सुटते. वस्तू किती टिकतात हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती, पण हे ती शिकली घरीच. तिच्या पलंगाशेजारी छतापर्यंत खोकी रचलेली असत. मिक्सरचं, टीव्हीचं, इस्त्रीचं. या देशात आल्यापासून बाबांनी घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं, आतल्या थर्माकोलसकट. "दोन वर्षांत परत जायचंय. सामान धड न्यायला नको?" ते म्हणत.

तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता एकतीस. पट्टी सुटली की बाबा नवी लावत आणि टोक तिने धरायचं.

"जायचंच आहे, तर मैत्रिणी कशाला वाढवतेस?" असं ते म्हणायचे. त्या झाल्याच. एक घरी आली नि खोकी बघून म्हणाली, "कालच आलात का राहायला?" तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. त्यानंतर तिने कुणाला आणलं नाही. मोजायचं शाळेच्या भाषेत नि रडायचं घरच्या, एवढी वाटणी करून ती मोठी झाली.

गेल्या महिन्यात बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी खरोखरच तिकिटं काढली. तीन.

"तू सांगतेस की मी सांगू?" आईने विचारलं होतं.

"मी सांगते." हे तिने आतापर्यंत चारदा म्हटलं होतं.

रविवारी सकाळी बाबा मिक्सर खोक्यात बसवायला लागले. बसेना. उभा घातला, आडवा घातला. खोकं पहिल्या मिक्सरचं होतं. तो जळून युगं लोटली होती.

"टीव्हीसुद्धा तिसरा आहे," आई दारातून म्हणाली. "लोक बैल गेल्यावर झोपा करतात. तुम्ही झोपा राखलात आणि बैल केव्हाच गेले."

"तू गप गं. थर्माकोल कापला की झालं. चिमे, सुरी दे."

त्यांनी कापला. पांढरे दाणे हाताला, भुवयांना चिकटले. मिक्सर तरी बसला नाही. बाबा तिथेच फरशीवर टेकले. मग हाताशी आलेलं खोकं त्यांनी ओढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'चिमीची पुस्तकं'.

"हे तरी सोपं आहे. धर टोक."

तिने सवयीने टोक धरलं. पट्टी करकरत उलगडली. ती तिरकी आली. आई दारातच उभी होती.

तिने टोक सोडलं.

"बाबा, याला पट्टी नको."

"का गं? काही घालायचं राहिलंय?"

"नाही. मी येत नाहीये. मी इथेच राहणार आहे."