महाराजांचा पंजा आणि माझी वीट

विटा घ्यायला माझ्या भट्टीवर एवढी माणसं कधी आली नाहीत. त्या दिवशी वीट पुजायला आली! माझ्याच मातीच्या खड्ड्यातून महाराजांच्या चेल्यानं ती "प्रकट" केली होती. भाजकी वीट, वर माणसाचा पंजा. गावातल्या पुरुषांनी हात ठेवून पाहिले. कुणाचा मोठा, कुणाचा आखूड. मग महाराजांनी ठेवला. तंतोतंत बसला! एकच गलका झाला.

"सातशे वर्षांपूर्वी," महाराज डोळे मिटून म्हणाले, "ओल्या मातीवर हाच हात ठेवून आम्ही हे गाव वसवलं. ही जागा मोकळी करा. इथे आमचं आसन होईल."

जागा म्हणजे माझी भट्टी. चाळीस घरांची चूल तिच्यावर पेटते. आणि माझे सख्खे दीर, गावचे पुढारी, मलाच सांगतात, "वहिनी, हट्ट सोडा. गावाचा इतिहास आहे हा."

"इतिहास मला सांगता, भावोजी? तुमच्या आईनं इथे पहिली वीट थापली तेव्हा नुसतं काटेरी रान होतं. पुलाला विटा हव्या होत्या म्हणून भट्टी लागली. मजुरांना चहा लागला म्हणून टपरी आली, गाड्यांची चाकं मोडली म्हणून लोहार आला, पोरं वाढली म्हणून शाळा. तुम्ही स्वतः विटांच्या ढिगाआड जन्मलात. सातशे वर्षं आणली कुठून?"

दीर दोन पावलं मागे सरले. पण लोकांना विटा थापणाऱ्यांची नातवंडं म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. सातशे वर्षं गोड लागत होती.

मी दोन यत्ताही धड शिकले नाही, पण माती शिकलेय. विचारलं, "महाराज, हाच हात? लहानमोठा नाही?"

"तसूभरही नाही, माते!"

"सूनबाई, तुझी वीट आण."

आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या विटेवर थापणारीनं पंजा उठवायचा असतो. यंदा तो सुनेनं उठवला होता. ती शाळेत शिकवते, तरी पहिली वीट तिच्या हातची. तिनं सगळ्यांसमोर आपलाच हात आपल्याच भाजलेल्या पंज्यावर ठेवला. बोटं बाहेर!

"माती वाळताना आणि भाजताना आकसते," सून म्हणाली. "ज्याचा पंजा, त्यालाच तो लहान पडतो. महाराजांना बरोबर बसतो, म्हणजे तो त्यांचा नाहीच. त्यांच्याहून मोठ्या हाताचा आहे."

मी चेल्याकडे वळले. उन्हाळ्यात हाच बाबा आठ दिवस आमच्याकडे मजुरीला होता. दाढी वाढवली की म्हातारी ओळखत नाही, असं वाटलं असेल. मी महाराजांची वीट आडवी धरली. साच्याला मी गेल्या वर्षी खिळा ठोकलाय. त्याचा ओरखडा प्रत्येक विटेच्या कडेला उठतो. या सातशे वर्षांच्या विटेलाही होता!

"ठेव हात," मी म्हटलं.

सुनेचा हात तिच्या ठशाबाहेर जेवढा आला, तेवढाच याचाही आला. घाम पुसत तो पुटपुटला, "आधी महाराजांनी स्वतःचाच उठवला होता, आजी. भाजल्यावर बारीक झाला. म्हणून मग माझा घेतला."

महाराज केव्हा सटकले, भक्तांनाही कळलं नाही.

ती वीट मी फोडली नाही, दाराशी बसवलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, बाबांनो, जोडायला दोन हात लागतात, मोजायला एक पुरतो. आधी मोजा.