राहतं घर

धाकट्याच्या बंगल्यात कुणीही राहत नव्हतं, आणि ही गोष्ट गावात कुणाच्या लक्षात येऊ द्यायची नाही, हे थोरलीचं काम होतं.

धाकटा परदेशात. बायको, मुलं, नोकरी, सगळं बस्तान तिकडेच. पण सुट्टीत यायला आपलं म्हणून एक घर असावं, म्हणून आई आणि बहीण राहत होत्या त्याच गावात, टेकडीच्या उतारावर, त्याने टुमदार बंगला बांधला. पहिल्या सुट्टीत सगळे आले. मुलांनी बागेत धुडगूस घातला, आईने भिंतींवरून हात फिरवत एकेक खोली पाहून घेतली. दुसऱ्या सुट्टीत तो एकटाच आला. त्यानंतर येतो, येतो म्हणण्यातच वर्षं गेली.

रिकाम्या घरावर चोरांचा डोळा असतो, हे त्याने कुठंतरी वाचलं आणि त्याची झोप उडाली. त्याची झोप उडाली की थोरलीचा फोन वाजायचा. ताई, पत्रपेटी तुंबू देऊ नकोस. ताई, फाटकात पाचोळा साचला की चोराला समजतं. दिवा रोज वेगळ्या खोलीत लाव, रोज तोच दिवा त्याच वेळी लागला तर चोर काय दूधखुळे असतात का? दोरीवर ओले कपडे दिसले पाहिजेत. पायरीवर पुरुषाचे मोठे बूट हवेत. आणि कुत्र्याचं भांडं ठेव, भलं मोठं.

थोरली हे सगळं इमानेइतबारे करायची. दिवसा ती घरी शिवणकाम करायची, म्हणजे लोकांच्या पँटींच्या कडा दुमडणं, चेनी बदलणं, सैल झालेलं घट्ट आणि घट्ट झालेलं सैल करणं. दिवस कलला की मशीनवर कापड झाकून, किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. त्या जुडग्यावरून तिचं नावच किल्लीवाली पडलं होतं. बंगल्यात जाऊन ती भावाचे जुने शर्ट भिजवायची, पिळायची, दोरीवर घालायची. एक शर्ट तर कुणाच्या अंगालाही न लागता नुसता धुऊन धुऊन विटला. नसलेल्या कुत्र्याचं भांडंही घासून पालथं घालायची. धाकटा तिकडून, बंगल्यात बसवलेल्या कॅमेऱ्यातून बघत असायचा. पुढच्या खोलीतला पडदा वाकडा लागलाय, असं मधेच सांगायचा. ती कॅमेऱ्याकडे मान वर करून म्हणायची, अरे, जरा आईशी बोल की. तो म्हणायचा, रविवारी नक्की.

आई तिकडे खालच्या गल्लीत, जुन्या दोन खोल्यांत. काचबिंदूने तिचे डोळे गेले होते, कानही आता अर्धेच काम करत. बंगल्यात राहायला जाऊ या, असं थोरली एकदा म्हणाली, तर धाकट्याआधी आईच नको म्हणाली. इथल्या भिंती तिच्या हाताच्या ओळखीच्या होत्या, तिथे ती दहा ठिकाणी आपटली असती. थोरली बंगल्यावर गेली की ती खाटेवर बसून राही, अंधारात, न बोलता. दिवा लावून जाते म्हटलं तर म्हणे, दिवा लावून मी काय पेपर वाचणार आहे? गार वारा येतो म्हणून पडदे कायमचे ओढलेले. आणि बंगल्याचं अंगण झाडून थोरलीची कंबर अशी धरायची, की स्वतःच्या पायरीवरचा पाचोळा उद्यावर जायचा. पत्रपेटीतून जाहिरातींचे कागद बाहेर लोंबत असायचे.

थोरली परत आली की आईचा एकच प्रश्न असे, बाळ्या कधी येतोय? बाळ्या म्हणजे धाकटा. पूर्वी थोरली तारीख सांगायची. मग एकदा असं झालं, की तारीख आली, आई ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून दाराशी बसली, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला की ऑफिसात अडकलो. आई त्या रात्री जेवली नाही. तेव्हापासून थोरलीने कानाला खडा लावला. तो प्रत्यक्ष दारात उभा राहीपर्यंत आईला काही सांगायचं नाही.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ होती. बंगल्यातला आपोआप लागणारा एक दिवा बिघडला होता, धाकटा फोनवरून हे बटण दाब, ते बटण दाब करत होता, त्यात तिला उशीर झाला. घरी आली तर दार नुसतं लोटलेलं. कोयंडा उचकटून एका खिळ्यावर लोंबत होता. आत धावत जाऊन तिने दिवा लावला. आई खाटेवर बसली होती, चांगली टवटवीत. समोर स्टुलावर दोन रिकामे कप होते.

"एवढा उशीर केलास?" आई म्हणाली. "बाळ्या येऊन गेला."

थोरलीने आधी आईला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं. कुठं लागलं नव्हतं. मग तिच्या वेड्या मनात क्षणभर आलं, की खरंच आला असेल तर? विमानातून उतरून थेट इथे आला असेल, दार उघडेना म्हणून उचकटलं असेल. तिने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे धाकटा वैतागून म्हणाला, "ताई, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुला दिव्याचं सांगत होतो ना, मी ऑफिसात आहे." तेव्हा कुठे तिचं लक्ष उघड्या कपाटाकडे गेलं.

आईने सगळं हौसेने सांगितलं. दाराचा आवाज झाला, पावलं वाजली, म्हणून तिने हाक मारली, बाळ्या, आलास का रे? पावलं थांबली. तिने पुन्हा विचारलं. मग तो हं म्हणाला. फार काही बोलला नाही, पण लहानपणी तरी कुठे बोलायचा? त्याचे हात इतके गार होते, की तिने ते आपल्या हातांत धरून चोळले. त्याने हात काढून घेतले नाहीत. तिने विचारलं, चहा घेशील ना? तर त्याने स्वतःच केला, डबे शोधायला जरा वेळ लागला त्याला. चहा पिताना विचारलं, जेवलीस का? मग तिने त्याला सांगितलं, की कपाटात तळाशी फडक्यात सोन्याची साखळी आहे, सुनेसाठी ठेवलेली, ती आता घेऊनच जा. नेली त्याने. पुन्हा येईन म्हणाला.

थोरली ऐकत होती आणि तिला काय करावं सुचत नव्हतं. रडावं, की आईला गदागदा हलवावं? आई हसत होती. असं हसताना तिने आईला कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. तिने कप उचलले आणि धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतला जमादार येऊन गेला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून थोरलीने त्याला पायरीवरच उभं करून सगळं सांगितलं. त्याने पायाने पाचोळा बाजूला केला, पत्रपेटीतले कागद ओढून काढले, बंद पडद्यांकडे पाहिलं. भला माणूस होता, सहज म्हणून बोलला.

"त्याचा तरी काय दोष? त्याला वाटलं असणार, इथे कुणी राहतच नाही."

तो गेल्यावर थोरली त्याच पायरीवर बसून राहिली. दिवा, पडदे, पाचोळा, पत्रपेटी, सगळं तिला तोंडपाठ होतं. भावाच्या रिकाम्या घरात तिने माणसं वसवली होती आणि स्वतःच्या घरातलं माणूस कुणाला दिसणार नाही असं ठेवलं होतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की समोरून ओळखीचं कुणी आलं तेव्हा तिने मान फिरवली.

फोनवर तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बंगल्याला काही झालं नाही ना?" वाईट मनाने म्हणाला नाही. सवयीने म्हणाला. पण थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. आजपासून संध्याकाळी मी बंगल्यावर जाणार नाही, तुझं घर तू बघ, असं सांगून तिने फोन ठेवला, आणि खरंच गेली नाही. दोरीवर कपडे नाहीत, दिवे नाहीत. तिकडे कॅमेऱ्यात रोज तोच काळोख बघून धाकट्याचा जीव टांगणीला लागला. इतकी वर्षं न मिळालेली रजा त्याला चार आठवड्यांत मिळाली. येतोय म्हणून कळवलं, थोरलीने नेहमीप्रमाणे आईला सांगितलं नाही.

इकडे आई बदलली होती. पोटभर जेवायची, रोज वेणी घालून घ्यायची, स्वतःशी गुणगुणायची. एका गोष्टीवरून मात्र हटून बसली होती, दाराला नवी कडी बसवू द्यायची नाही. बाळ्या येईल, त्याच्याकडे किल्ली नाही, तो परत गेला म्हणजे? कुलूपवाल्याला एकदा तिने दारातूनच वाटेला लावलं. थोरली रात्री दाराला टेबल लावून झोपायची आणि पहाटे आई उठायच्या आत ते गुपचूप जागेवर सरकवायची. तो चोर होता, हे सांगायचं तिच्या कितीदा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी आईचा चेहरा बघून तिने ते गिळलं. आणि मनातल्या मनात त्या चोरावर ती जळायचीही. पळून गेला असता तर आई ओरडली असती, म्हणून बसला असेल. किंवा बाहेर थंडी होती म्हणून. कशाने का होईना, बसला.

धाकटा आला तो भर दुपारी. आधी बंगल्यावर जाऊन, सामान टाकून, सगळी कुलपं तपासून मग आला. अंगाने सुटला होता, केस पिकले होते, बोलण्याचा हेल पार बदलला होता. तिकडून आणलेलं भारीतलं कुलूप, स्क्रू, पेचकस, सगळं पिशवीत होतं. आई खाटेवर डोळा लागून पडली होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ती इतकी लहान झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग तो दाराकडेच बघत राहिला, कोयंडा हलवून, लाकूड ठोकून, हलक्या आवाजात थोरलीला सांगत राहिला की चौकट पोखरलीय, इथे पट्टी मारावी लागेल.

त्या ठोकण्याने आई जागी झाली. "कुलूपवाले आले का गं पुन्हा?"

धाकटा येऊन खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. "आई, मी आलोय. बाळ्या."

आईने हात पुढे केले. त्याचे हात तिने चाचपले, बोटं, तळवे, मनगटावरचं घड्याळ. मऊ, उबदार, भरलेले हात. मग तिने आपले हात काढून घेतले आणि परक्या माणसासमोर सावरून बसावं तशी बसली.

"नाही हो," ती हसून म्हणाली. "माझा बाळ्या मागच्याच महिन्यात येऊन गेला. त्याचे हात मी ओळखते. आंधळ्या म्हातारीची अशी थट्टा करू नये."

"आई, अगं मीच तो." त्याला आधी हसू आलं, मग ते ओठांवरच विरलं. "ताई, तू सांग ना तिला."

"हो, सांग गं," आई म्हणाली. "कोण आहेत हे?"

थोरलीने दोघांकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. हा तुझा मुलगा, एवढं म्हटलं की दुसरं आपोआप आलंच, की तो तुझा मुलगा नव्हता. ते गार हात, तो चहा, ती जेवलीस का म्हणून केलेली विचारपूस, सगळं एका चोराचं. आई मग किती दिवस जेवली नसती? आणि तिच्या मनात रागही होता, तो तिने स्वतःपासून लपवला नाही. आधी कुलपं बघून मग आईकडे आला होता हा.

"कुलूपवाले आहेत, आई," ती म्हणाली. "दार दुरुस्त करायला आलेत."

धाकट्याने तोंड उघडलं. त्याने आईकडे पाहिलं. तिचा चेहरा निवांत झाला होता. तो उठला, पिशवीतून पेचकस काढला आणि दाराशी जाऊन बसला. थोरली बरोबर वागली की चुकली, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

थट्टा मोडून काढली म्हणून आईला जरा वाईट वाटलं असावं, कारण ती आपणहून गप्पा मारायला लागली. सावकाश करा, घाई नाही, म्हणाली. कुलूप लावायला हवं तर लावा, पण एक किल्ली जास्तीची द्या, माझ्या मुलासाठी. मग तिने त्याला मुलाचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं परदेशात राहिला, मला वाटलं होतं विसरला असेल, पण आला तसा माझा हात धरून बसला. स्वतः चहा करून दिला मला. धाकट्याच्या हातातला स्क्रू दोनदा खाली पडला. थोरलीने तो शोधून दिला, त्याच्या तोंडाकडे न बघता.

काम झाल्यावर त्याने एक किल्ली आईच्या तळहातावर ठेवली. आईने ती मुठीत घट्ट धरली.

"तुम्हाला आई आहे का हो?" तिने विचारलं.

"आहे."

"लांब असते?"

"नाही," तो कसंबसं म्हणाला. "इथेच असते. याच गावात."

"मग इथे कशाला वेळ घालवताय?" आई म्हणाली. "जा लवकर. ती वाट बघत असेल."