फुलपात्राची ठणठण

आमची देवश्री विमान चालवते. मोठं नाही, आठ माणसांचं. आमच्या शहराबाहेरच्या उरल्याच्या कारखानदारांना जगदलपूरला नेते आणि परत आणते. आमच्या घरात सायकल धड न चालवलेली माणसं तिला अक्कल शिकवतात. त्यात मीही आहे, पण मी तिची आजी, मला चालतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती आली तीच तोंड पाडून. सकाळी पुरण वाटता वाटता मी विचारलं, काहून गं, काय झालं? तेव्हा सांगू लागली. विमान म्हणे आभाळातल्या उपग्रहांना विचारत असतं, मी कुठं आहे म्हणून. कधी कधी उत्तर चुकीचं येतं. मग अभनपूरच्या सपाट धानाच्या शेतांवरसुद्धा ते बोंबलतं, समोर डोंगर आहे, वर घे. बारीकसारीक कुरबुरीलाही त्याचा तोच आवाज. वैतागून सगळे पायलट बटन दाबतात आणि त्याला गप्प करतात. हीही करते. पण उद्या सकाळी पुन्हा जगदलपूर. वाटेत केशकालचे डोंगर, त्यावर भादव्याचे ढग. तिथं ते ओरडलं तर खरं की खोटं, कसं ओळखायचं? विमानाचा मालक इंद्रजीत म्हणाला होता, विमानखात्याकडे तक्रार करू नको, केली तर विमान दुरुस्तीला उभं राहील.

"मग दाब बटन," मी म्हटलं. "आपण दत्तोपंतभाऊजींचं काय करतो?"

दत्तोपंत माझे चुलत दीर. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात कुणाचीही चूल पेटली की यांना वास जातो. पंगतीत बसले की चमच्यानं फुलपात्र वाजवतात. मीठ पाहिजे, ठणठण. कढी पाहिजे, ठणठण. पान भरलेलं असतानाही नव्या सुनेची गंमत पाहायची असली तरी ठणठणच. आधी माझ्या सुना धावून धावून अर्ध्या झाल्या. मग मीच त्यांना शिकवलं, 'हव हव, काका' म्हणून होकार द्यायचा आणि पुढच्या पानाकडे जायचं. तेव्हापासून आमची पंगत वेळेवर उठते.

देवश्री हसली नाही.

पंगत बसली. मी दाराशी खुर्ची टाकून बसले. या घरात माझे गुडघे सोडले तर बाकी सगळे माझं ऐकतात. पुरणपोळ्या झाल्या, वडे आले, आणि दत्तोपंतांचं फुलपात्र वाजू लागलं. थोरली सून 'हव हव' म्हणत पुढे गेली. मधलीही गेली. मागून देवश्री कढीची बादली घेऊन आली. तीही म्हणाली, "हव हव, आजोबा," आणि पुढे सरकली.

दोन पानं वाढली आणि थांबली. मागे वळून पाहिलं. फुलपात्र वाजतच होतं, पण दत्तोपंतांच्या तोंडातून शब्द नव्हता. चेहरा जांभळा पडला होता. तिनं बादली टाकली, त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत असे तडाखे हाणले की वड्याचा तुकडा थेट समोरच्या पानात. कढी सगळ्यांच्या सोवळ्यावर. दत्तोपंत खोकले, रडले, पाणी प्यायले. मग तोच वडा परत मागितला. तेव्हा कळलं, माणूस वाचला.

देवश्री मात्र हात न धुता मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिनं इंद्रजीतला फोन लावला.

"सर, कल मैं नहीं उड़ाऊंगी. पहले मशीन चेक कराइए."

तो म्हणाला, तू नाही तर दुसरा पायलट आहे, भार्गव, तो नेईल. ती म्हणाली, भार्गवला मी आत्ताच सगळं सांगते आणि तक्रारही आजच लिहिते. मग तो नोकरी घालवायच्या धमकीवर आला. मी फोन मागितला, तिनं दिला नाही, मी घेतला.

"बेटा, मैं इसकी दादी. कल जो सेठ बैठनेवाला है ना, उसके घर में भी कोई दादी होगी. उसको पूछा क्या, पहाड़ सच्चा है कि खोटा?"

तो म्हणाला, विमान उद्या उभं राहील. नोकरीचं सोमवारी बघू.

मधल्या सुनेला तोंड फार. ती म्हणाली, "आई, सकाळी तर तुम्हीच म्हटलं होतं, बटन दाब."

"मशीनचं म्हटलं होतं, पोरीच्या तोंडाचं नाही," मी म्हटलं. "जा, दुसरी पंगत बसव."

देवश्री पायरीवरच मोबाईलवर तक्रार लिहायला लागली. कुठं कुठं आवाज आला, तेव्हा खाली शेत होतं की डोंगर, सगळं. मी म्हटलं, लिही बाई, पण आधी हात धू, पडद्याला कढी लागून राहिली. मग तिचं पान वाढलं, वर ताट झाकलं आणि तिच्या शेजारीच बसून राहिले.