जेवून आलो

मंगलानं पोह्यांतला कांदा चमच्यानं वेचून ताटलीच्या कडेला काढायला घेतला आणि मग वैतागून चमचाच आपटला. कांद्याशिवाय पोहे! आणि तेही इंदूरमध्ये! परदेशीपुऱ्याच्या नाक्यावर कुणी असं मागितलं असतं, तर ठेलेवाल्यानं आधी कपाळाला हात लावून बघितला असता, भियाला बुखार तर नाही ना म्हणून. सवयीनं तिनं फोडणीत कांदा टाकला होता, आणि अच्युतराव हल्ली कांदा खात नव्हते. बटाटा नाही, लसूण नाही, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही.

"अहो, शेव तरी चालते ना तुमच्या धर्मात? का तीपण वेचू?"

"चालते," अच्युतराव म्हणाले आणि हसले.

ते हसले, म्हणून तिचा राग तिथंच विरघळला. त्या हसण्यापायी तिनं घरातला कांदाच काय, चूलसुद्धा उचलून बाहेर ठेवली असती.

त्यांनी दोनचार घास खाल्ले आणि ताटली पुढे सरकवली. "बाकीचे तू खा. संध्याकाळी जैनांच्या स्थानकातच जेवेन."

मिल बंद पडली त्याला हा दुसरा पावसाळा. अच्युतराव साचेखात्यात जॉबर होते, मागांवरच्या कामगारांचे मुकादम. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारच्या गयाबाईला ऐकू जायचं. पहिले काही महिने गेटवर धरणं चाललं, नारे झाले, आज ना उद्या भोंगा वाजेल असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. मग गेटसमोरचा तंबू निघाला. त्यानंतर अच्युतरावांचा आवाज हळूहळू खाली आला, इतका की मंगलाला काय म्हणालात असं विचारावं लागायला लागलं.

आणि मग तुकोजी गेला. त्यांच्याच खात्यातला, मागच्याच गल्लीत राहणारा. काम बघून येतो म्हणून सायकल घेऊन निघाला आणि रेल्वे लाईनीवरून परत आलाच नाही. दहाव्याच्या दिवशी गुरुजींनी सांगितलं, अपमृत्यू आहे, नारायणबळी केल्याशिवाय त्याला गती नाही. तुकोजीच्या बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. अच्युतराव तेवढे उठले आणि गुरुजींच्या समोर जाऊन बसले.

"म्हणजे तो आत्ता कुठं आहे?"

गुरुजींनी दर्भ गोळा केले आणि पिशवीत भरले.

त्या दिवसापासून मंगला नवऱ्यावर नजर ठेवून होती. अच्युतरावांना न्हाणीत जरा उशीर झाला की ती बाहेरून उगीच काहीतरी विचारायची. रात्री त्यांचा श्वास ऐकत पडून राहायची. कापसाची धूळ छातीत बसलेली, त्यामुळे श्वास घरघरायचा, आणि ती घरघर तिला गोड लागायची. नवऱ्याला जिवंत ठेवायचं, एवढं एकच काम तिला उरलं होतं. आणि हे काम कसं करतात ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून अच्युतरावांना धर्मांचं वेड लागलं तेव्हा तिला हायसं वाटलं. सुरुवात गयाबाईच्या नवऱ्यापासून झाली. चांगदेव महूचा, आजा पलटणीत होता, घरात पुस्तकांचं कपाट. त्याच्याबरोबर अच्युतराव बुद्धविहारात जायला लागले, पुस्तकं आणून चष्मा पुसून पुसून वाचायला लागले. मग रंगाईखात्यातल्या इस्माइलभाईंबरोबर मौलवीसाहेबांकडे. मग चर्चमधल्या फादरकडे. मग गुरुद्वाऱ्यात. मंगला चिडवायची, "सगळ्या देवांकडे अर्ज टाकून ठेवलाय वाटतं! एखाद्याकडे तरी नोकरी लागेल." पण मनातून ती खूश होती. माणूस सकाळी उठून दाढी करत होता, धुतलेला शर्ट मागत होता.

"काही का असेना ताई," गयाबाई म्हणायची, "घर के बाहेर पडतायत ना. आमचे हे सांगत होते, अच्युतजी विहारातल्या भंतेजींना एकच सवाल घुमवून घुमवून विचारतात. भंतेजी थकून गेले बिचारे."

"पहिल्यापासून हुशारच आहेत ते," मंगला म्हणाली होती. अभिमानानं म्हणाली होती.

एक गोष्ट मात्र तिला कळत नसे. प्रत्येक ठिकाणाहून ते काही दिवसांनी उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायचे, पुस्तक फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "इथंपण नाही."

"काय नाही?"

"काही नाही."

जैनांच्या स्थानकात गेल्यापासून तेवढं बदललं. चातुर्मासासाठी साध्वी आलेल्या, सगळे त्यांना महासतीजी म्हणायचे, रोज प्रवचन असायचं. एक दिवस ते मंगलालाही घेऊन गेले. सराफ्यातल्या कुण्या मोठ्या घरातल्या आजीबाईंनी संथारा घेतला होता. वय झालेलं, आजार हाताबाहेर गेलेला. सगळ्यांची क्षमा मागून, अन्न सोडून त्या चटईवर शांतपणे मरणाची वाट बघत पडल्या होत्या आणि लोक रांग लावून दर्शन घेत होते. मुलं, सुना, नातवंडं हात जोडून उभी. कुणीतरी स्तवन म्हणत होतं. मंगलाला तिथं थांबवेना. परतताना घराशी आल्यावर अच्युतराव म्हणाले, "पाहिलंस? कुणी रडत नव्हतं."

त्या रात्री ते गाढ झोपले. मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदाच. मंगलानं अंधारात देवाला हात जोडले, आपल्याही आणि जैनांच्याही.

आज दुपारी भांडी घासून ती पदराला हात पुसत होती, तोच स्थानकातली एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"महासतीजी ने बुलाया है आपको. अभी."

दीक्षा! या माणसानं दीक्षा घ्यायचं ठरवलंय! आता डोकं भादरून अनवाणी फिरणार. सगळा रस्ता ती मनातल्या मनात भांडत गेली. मी काय करू मग, देवासला लेकीच्या दारात जाऊन पडू? सुरभीच्या सासरच्यांना काय सांगू?

महासतीजी पाटावर बसल्या होत्या. तोंडावर पांढरी मुहपत्ती, डोळे थकलेले आणि मवाळ. त्यांनी मंगलाला समोर बसायला सांगितलं.

"आपके पति को संथारा चाहिए. कहते हैं, घर की आज्ञा है."

मंगलाला आधी शब्दच कळले नाहीत. मग सराफ्यातल्या आजीबाईंची ती चटई डोळ्यांपुढे आली, आणि चटईवर अच्युतराव.

"नाही," ती म्हणाली. "नहीं, माताजी. मी कशाला देऊ आज्ञा? मला तर काहीच पता नाही."

"मुझे भी यही लगा. मैंने साफ मना किया है. मरने की इच्छा रखना ही दोष है, बहन. जो जीने से भाग रहा हो, उसके लिए ये मार्ग नहीं. उसे तो सँभालना पड़ता है." त्यांनी मुहपत्ती नीट केली. "पहले रोज पूछते थे. अब कुछ दिन से पूछना बंद कर दिया. इसलिए आपको बुलाया. शाम को यहाँ भोजनशाला में सब आग्रह करते हैं, एक दाना नहीं लेते. कहते हैं, घर से खाकर आया हूँ. घर पर ठीक से खाते हैं ना?"

घरी ते सांगत होते, स्थानकात जेवून आलो. इथं सांगत होते, घरून जेवून आलो. आणि ती येडी रोज सकाळी कांदा वेचत बसली होती! पट्ट्याला नवीन भोक त्यांनी स्वतःच पाडलं होतं, तेव्हा तिनं छातीच्या दुखण्याला बोल लावला होता. रात्री त्यांचं पोट वाजायचं, तेव्हा ओवा दिला होता.

परतताना बंद मिलच्या भिंतीशी तिला थांबावं लागलं. भंतेजींना एकच सवाल. मौलवीसाहेबांना, फादरना, सगळ्यांना एकच सवाल. कोणत्या धर्मात गेलं तर आपणहून मेल्यावरही तुकोजीसारखी गती अडणार नाही, एवढंच हा माणूस दारोदार विचारत फिरत होता. सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. आणि ती त्याला धुतलेले शर्ट देत होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं भिंतीवर मूठ मारली.

घरी येऊन तिनं पिठलं टाकलं. कांदा घातला, लसूण ठेचून घातला, हात आखडला नाही. भाकऱ्या थापल्या. अच्युतराव आले तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि गयाबाईकडे टीव्ही लागला होता. मंगलानं दोन ताटं वाढून समोरासमोर ठेवली होती.

ते दारातच थबकले. दोन ताटं एकदम या घरात कधी वाढली गेली नव्हती. सासूनं घालून दिलेली रीत, नवरा जेवल्यावर बाईनं जेवायचं. ते दुसऱ्या पाळीला असायचे तेव्हाही मंगला उपाशी बसून राहायची आणि ते तिच्यावर ओरडायचे. हल्ली ते बाहेरून जेवून येतात म्हणून ती एकटीच लवकर उरकून घ्यायची.

"हे काय? मी जेवून आलो," ते म्हणाले.

"मीपण जेवले."

त्यांनी ताटांकडे पाहिलं. मग चुलीवरच्या कढईकडे पाहिलं. कढई जवळजवळ भरलेलीच होती, पिठलं ताटांपुरतंच वरून काढलेलं होतं.

"कधी जेवलीस?"

"तुम्ही जेवलात तेव्हा."

ते भिंतीला हात टेकत खाली बसले, आणि तेव्हा मंगलाला त्यांचं मनगट दिसलं. एवढं बारीक मनगट तिला इतके दिवस दिसलं कसं नाही?

"महासतीजींनी बोलावलं होतं मला," ती म्हणाली. "घरच्यांची आज्ञा लागते म्हणे."

अच्युतरावांनी मान खाली घातली. "तिथं कुणी रडत नव्हतं, मंगला."

"त्या आजीबाईंची भूक संपली होती. तुमची संपलेली नाही. रात्रभर ऐकते मी."

"माझं काय काम उरलंय आता? सांग ना."

मंगलानं त्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण आजपासून मी तुमच्या मागून जेवायची नाही. तुमच्याबरोबर जेवणार. तुम्ही जेवाल तेवढंच."

"हट्ट करू नकोस. तुला शुगर आहे."

"आहे ना."

दोन्ही ताटांतलं पिठलं निवत चाललं, वर साय धरायला लागली. पलीकडच्या टीव्हीवर कुठल्याशा नव्या साबणाची जाहिरात वाजून गेली. मंगलानं हात मांडीवर ठेवले होते. ते थरथरत होते, कारण सकाळच्या पोह्यांनंतर तिनं खरोखरच काही खाल्लं नव्हतं.

अच्युतरावांना ते हात दिसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. चावताना त्यांचे डोळे मिटले होते. मंगलानं आपल्या ताटातला तेवढाच तुकडा मोडला.

मग ते थांबले. तीही थांबली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर ताटातच ठेवली आणि वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळानं त्यांनी दुसरा तुकडा मोडला. या वेळी जरा मोठा.