मे महिन्यातलं वांदर

आमच्या आबाजीच्या, म्हणजे आजोबाच्या, शोकसभेत सहा जण बोलले, अन् सहाही जणांनी एकच सांगतलं, का डोमाजी लय मेहनती माणूस होता अन् घरच्यांवर त्याचा लय जीव होता. हे काही नवीन नोहे. पस्तीस वर्षं बालाघाटच्या राईस मिलमध्ये पोती उचलली त्यानं, अन् मिलचं काम थंडावलं का उन्हाळाभर लोकायच्या घरावरचे कवेलू फेरले. एवढं करणारा माणूस मेहनती नसन तं काय असन. मी मांगं सतरंजीवर बसून ऐकत होती अन् मले राग येऊन राह्यला होता. तो माणूस किती कटकटीचा होता, हे कोणी सांगतच नव्हतं.

कवेलू फेरणं म्हणजे काय, हे आता पोराय‍ले सांगा लागते. पावसाळ्याच्या आधी छतावरचे मातीचे कवेलू एकएक काढाचे, झाडाचे, फुटके फेकाचे अन् पुन्हा ओळीनं बसवाचे. नाही फेरले तं घर गळते. आमच्या वॉर्डात आता कवेलूचं घर शोधून सापडत नाही, सगळे स्लॅबवाले झाले. तरी मे महिना लागला का आबाजी दोर अन् हातोडी थैलीत टाके, कॅरिअरवर वीस कवेलू बांधे अन् सायकलनं किरनापुरले जाये, कमलाआत्याच्या घरी. पंचवीस-तीस किलोमीटर, वरून उन्हाळा. बस हाये, दिवसभर हाये. "बसमध्ये कवेलू फुटते," म्हणे. माणूस फुटन त्याचं काही नाही.

आता कटकट सांगते. आमच्या इकडं बाप पोरीच्या घरचं पाणीबी पीत नाही, अशी जुनी चाल होती. आबाजी म्हणे, आपण जयभीमवाले, असल्या चाली आपण कवाच सोडल्या. अन् खरंच सोडली होती. फक्त पोरीच्या घरी हातानं काम केल्याशिवाय तो ताटावर बसत नव्हता. आत्याच्या पोराचं, अंकितचं, नाव ठेवलं त्या दिवशी नवा कुडता घालून दोन घंटे लाकडं फोडली त्यानं, मंग वरण-भात खाल्ला. फुफाजी, म्हणजे आत्याचे नवरे तेजराम, त्याच्या मांगं मांगं "बाबा, बसा ना, बाबा, बसा ना" करत फिरत होते. पाहुणे पाहून राह्यले होते. बसला नाही.

अकरा वर्षांमांगं फुफाजीनं पक्कं घर बांधलं. स्लॅब टाकला, फरशी लावली. आता स्लॅबवर आबाजी काय फेरणार? काम नाही तं जेवण नाही, जेवण नाही तं मुक्काम नाही. बाप येणार, गिलासभर पाणी पेणार अन् सायकल फिरवून परत जाणार. आत्या तोंडानं काही बोलली नाही. फक्त मांगची एक कवेलूची खोली तिनं पाडू दिली नाही. "गोवऱ्या ठेवाले लागते," म्हणे. घरात गॅस होता, अन् गाय विकून चार वर्षं झाली होती.

मंग दरसाल मे महिन्यात त्या खोलीवर वांदरं येऊ लागले. आबाजी पोचाच्या दोन-तीन दिवस आधी येत, पंधरा-वीस कवेलू फोडत अन् चालले जात. बाकीचे अकरा महिने त्या मोहल्ल्यात कोणाले एक वांदर दिसत नसे. आबाजी सायकल लावे, वर पाहे अन् इचारे, "यंदाबी आले का?"

"हौ ना बाबा," आत्या म्हणे, "लय उच्छाद मांडला."

मंग तीन दिवस काम चाले. काम पाहता अर्ध्या दिवसाचं होतं. ज्या माणसानं अख्खी अख्खी घरं दोन दिवसात उरकली, तो एका खोलीले तीन दिवस लावे. तीन दिवस दोन्ही टाइम पोरीच्या हातचं खाये. भाजीत मीठ जास्त झालं तं तेबी सांगे. चौथ्या दिवशी सकाळी चहा पेऊन निघे.

मागच्या वर्षी तो अठ्ठ्याहत्तरचा होता. सायकल आम्ही शेजारच्या घरी लपवून ठेवली होती, तं तो माह्या स्कूटीवर आला. पायाजवळ कवेलू, मांगं आबाजी. किरनापूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्यावर मले ऐका लागलं. मी प्रायव्हेट शाळेत शिकवते, साठ साठ पोरं गप्प करते, पण या एका म्हाताऱ्यापुढं माह्यं काही चालत नव्हतं. शिडी मले चढाले लावली. तो खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता.

मी वरून मोजले. "आबाजी, यंदा नऊच फुटले. तेबी कडेकडेचे."

त्यानं खाली पडलेला एक तुकडा उचलून पाह्यला. मंग मले खाली बोलावलं अन् हळूच म्हणे, "वांदराच्या हातात जोर नाही राह्यला. कमलाले इचार, बीपीची गोळी खाते का बंद केली."

मी इचारलं. दोन महिन्यांपासून बंद होती. बरं वाटत होतं म्हणून सोडली, म्हणे. आबाजीनं त्या दिवशी गोळ्या आणाले लावल्या, अन् तिनं त्याच्यासमोर गोळी गिळली तवाच ताटावर बसला. का, कसं, काही सांगतलं नाही. आत्यानंबी इचारलं नाही.

परत येताना मी इचारलं, "आबाजी, तुले कवापासून माहीत होतं?"

"पयल्याच वर्षापासून. वांदर काय बांबूनं फोडते?"

"मंग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तं जेवलो कुठं असतो? तू समोर पाहून गाडी चालव."

फेब्रुवारीत आबाजी गेला. दुपारी अंगणात झाडू बांधून राह्यला होता, अर्धा बांधला अन् गेला. तो अर्धा झाडू माह्या मायनं पुरा केला अन् आता आम्ही त्यानंच झाडतो. दुसरं काय कराचं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अंकितचा फोन आला. पोरगा बावीस वर्षांचा, शिकलेला, काम नाही. मांगच्या गल्लीतून तहसीलले जाणारे लोक जातात, तं ती खोली पाडून तिथं त्याले ऑनलाइन फॉर्मचं सेंटर काढाचं होतं. मंगळवारी जेसीबी येणार होता. "दीदी, मम्मी हां भी नहीं बोलती, ना भी नहीं बोलती. आप आके समझाओ न." पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच तं वाईट होतं.

माह्ये बाबा, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ महेंद्र, तेबी म्हणाले, "जाय, तिले समजाव. आता बाबाच नाहीत तं त्या खोलीचं काय." बाबा अकरा वर्षांत बहिणीच्या घरी दोनदा गेले, त्यातलं एकदा रस्ता चुकले म्हणून. मले तोंडावर म्हणावंसं वाटलं, का आत्याचं माहेर म्हणजे तुम्ही नाही, ते वीस कवेलू होते. खोली गेली का तिच्याकडं माहेरचं माणूस येण्याचं कारणच संपलं. पण बापाले किती बोलाचं. मी स्कूटी काढली.

रविवारी सकाळी पोचली. आत्यानं पाणी दिलं, मी पेली, अन् मांगं जाऊन वर पाह्यलं. सगळे कवेलू जागच्या जागी. मी दोनदा पाह्यलं. एकबी फुटला नव्हता.

"आत्या, यंदा वांदरं नाही आले?"

"नाही," ती म्हणे. "यंदा कोणासाठी येतीन?"

ती उंबऱ्यावर बसून सुपात लसूण सोलत होती. चार पाकळ्या सोलल्या अन् म्हणे, "पाड म्हणा अंकितले. मी काहून अडवू? पोराचा धंदा होते. मले काय, गोवऱ्या ठेवाच्या हायेत का?"

मी समजवाले गेलती, अन् ती आधीच समजून बसली होती. माह्यं काम झालं होतं. चहा पेऊन परत निघता आलं असतं. पण मी खोलीत गेली. खोली झाडलेली होती. गोवरी एकबी नव्हती. कोपऱ्यात अकरा कवेलू दोरानं बांधून ठेवले होते, गाठ आबाजीची. मागच्या वर्षी वीस आणले होते, नऊ लागले, हे उरले. त्यायच्यावर धूळ नव्हती. सगळ्या खोलीत तेवढंच पुसलेलं होतं.

शोकसभेत मी रडली नव्हती. तिथं त्या अकरा कवेलूसमोर बसून रडली, चांगली नाक वाहेपर्यंत. मले आबाजी पाह्यजे होता. स्कूटीवर मांगं बसून शिव्या देणारा पाह्यजे होता. मंग मले सगळ्यांचा राग आला. अंकितचा, बाबाचा, त्या सहा बोलणाऱ्यांचा, अन् आत्याचा सगळ्यात जास्त, का ही बाई अकरा वर्षं वांदर झाली अन् आता एका दमात "पाड" म्हणते.

दाराच्या मांगं बांबू उभा होता. धराच्या जागी गुळगुळीत झालता. मी तो घेतला, ओढणी कमरेले बांधली अन् शिडी लावून वर चढली.

पहिला फटका नीट बसला नाही. दुसऱ्यानं फुटला.

अंकित धावत आला. "दीदी, क्या कर रहे हो?"

मी एकामागून एक अजून सात फोडले. तवर फुफाजी बनियानवर बाहेर आले. मी वर, हातात बांबू, खाली खापराचे तुकडे. "राखी, हे काय करून राह्यली?"

"मी नाही फुफाजी. वांदर आलं."

फुफाजीनं माह्याकडं पाह्यलं. मंग आत्याकडं पाह्यलं. अकरा वर्षं तेबी त्याच घरात राहत होते. "हौ," म्हणाले, "यंदा सलवार-कुडता घालून आलं."

"तीन दिवसांचं काम हाये," मी वरूनच सांगतलं. "मी तीन दिवस राहीन. शाळेले सुट्ट्या हायेत. अन् पुढच्या मे महिन्यातबी येईन. त्याच्या पुढच्याबी."

"और मेरा सेंटर?" अंकितनं इचारलं. त्याचा चेहरा रडवेला झालता, अन् त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं.

फुफाजीनं जरा वेळ खोलीकडं पाह्यलं. "आतच टेबल लाव. गल्लीकडून दार काढून देतो. कवेलूखाली थंडाव्याले राह्यते, तुह्यं कॉम्प्युटरबी तापणार नाही. जेसीबीवाल्याले फोन कर, येऊ नको म्हण."

अंकितनं फोन काढला. पाडणं टळलं, अन् आत्या उंबऱ्यावरून उठून शिडीजवळ आली. तिच्या हातात लसणाचं सूप तसंच होतं, अन् ती वर पाहून राह्यली होती. मले वाटलं, आता ही म्हणन, उतर खाली, तमाशा करू नको. मी थांबली.

"किती झाले?" तिनं इचारलं.

"आठ."

"बाबाचे अकरा हायेत खाली," ती म्हणे. "तीन अजून फोड. ते डावीकडचे, मयालीच्या लाकडाजवळचे. मागच्या वर्षी माह्या हातानं नव्हते फुटले."

मी डावीकडचे तीन फोडले. मंग आत्यानं सूप खाली ठेवलं, खोलीतून आबाजीचे कवेलू आणले अन् शिडीखाली उभी राहून एकएक मले वर दिले. संध्याकाळपर्यंत मी चारच बसवले, तीन दिवस पुराले पाह्यजे होते. आत्यानं दोनदा जेवाले बोलावलं. चौथा कवेलू बसला, हात धुतले, अन् मंगच मी तिच्या ताटावर बसली.