संघप्रियाचा सत्कार

चंद्रपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि मी मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ झालो. त्याआधी मी नुसता वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करून प्रयोगशाळेत लावलं आणि ते दारातून दिसावं म्हणून मायक्रोस्कोपचं कपाट सरकवलं.

अशात संघप्रिया परत आली. शेवटच्या वर्षाची मुलगी. तिला स्किझोफ्रेनिया झाला होता. कोणी नसताना आवाज ऐकू यायचे. नागपूरला दोन महिने दवाखान्यात राहिली, आता औषधं चालू होती. एक वर्ष आधीच गेलेलं. प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, ती हुकली की दुसरंही गेलं.

तज्ज्ञ माणूस गप्प कसा बसेल? आपल्याकडे कोणी निवडून येवो की निवृत्त होवो, शाल-श्रीफळ ठरलेलं. मी तिचाही सत्कार ठेवला. फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहिलं, तिनं आजारावर कशी मात केली यावर वीस मिनिटं बोललो आणि साठ पोरांना म्हटलं, जोरात टाळ्या!

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

आठवडाभर वाट पाहिली. मग गाडी काढली आणि पोंभुर्ण्याजवळच्या तिच्या गावी गेलो. तिचे वडील बापूराव अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. 'जयभीम' म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत.

संघप्रिया दारात आली.

"सर, काऊन केला सत्कार? मी काय रिटायर झाली? मोठ्या मुश्किलीनं कानातले आवाज कमी झाले होते, अन् तुमी साठ जनाच्या टाळ्या वाजवल्या."

लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. म्हटलं, "चुकलं माझं. तुले काय पाहिजे, सांग."

"साडेसातचं प्रॅक्टिकल जमत नाई. गोळीनं सकाळी डोळे उघडत नाई. दुपारी घ्या. अन् हात थरथरते, तं छेद कापाले टाईम द्या."

"बस?"

"अन् भाषण नको."

हे प्रशिक्षणात शिकवलंच नव्हतं, असं मी घरी बायकोला सांगणार होतो. वही काढून पाहिली तर माझ्याच अक्षरात पहिली ओळ होती: विद्यार्थ्याला विचारा. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

प्राचार्यांच्या मागे लागून तिच्यासाठी दुपारची बॅच आणि जादा वेळ मंजूर करून घेतला. ती रोज दुपारी यायला लागली. मी रोज तोंड बंद ठेवायला शिकत होतो. प्रगती तिचीच जास्त.

परीक्षेच्या दिवशी तिला खोडाचा आडवा छेद घ्यायचा होता. बाहेरून आलेले परीक्षक शेजारीच बसले होते. तिच्या हातातलं ब्लेड थरथरत होतं. पहिला छेद फाटला, दुसरा जाड आला, तिसरा खाली पडला. मी कापून दिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि तिची परीक्षा तिथंच संपली असती. माझा हात ब्लेडकडे निघाला, खिशात कोंबला. खिशात राहीना, म्हणून टेबलाची कड घट्ट धरली. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं कष्टाचं काम मी केलेलं नाही.

सातवा छेद पाण्यात तरंगला, पातळ, आरपार दिसणारा. तिनं तो काचपट्टीवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मान वर न करता म्हणाली,

"सर, टेबल सोडा. हलून राह्यला."

मी सोडलं. ती पेन्सिल घेऊन आकृती काढायला लागली.