अर्जावरची पहिली सही

श्रावणची डुकरं ज्या अर्जामुळे गेली, त्यावर पहिली सही माझी आहे. दीपमाला, भाजीवाली, राजापेठ. मोठ्या ऐटीत केली होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत श्रावणचा डुकरांचा वाडा, आणि त्याला लागून माझं घर. सकाळी मोर्शीकडचा माल आला की ऑटोतून पोती तो उतरवायचा. संध्याकाळी फुलकोबीचा पाला, सडके टमाटे, उरलंसुरलं मी त्याच्या डुकरांना घालायची. बारा वर्षं हे असंच चाललं, कधी कोणाला सांगावं लागलं नाही. काकडीचं तर माझं खासच होतं. गिऱ्हाइकाला कडू काकडी गेली की ते आठ दिवस फिरकत नाही, म्हणून मी प्रत्येक ढिगातल्या दोन-चार चावून बघायची. चावलेल्या काकड्या तशाच पाटीत, आणि पाटी डुकरांपुढे. पिल्लं तर माझ्या हातातून खायची, ओली नाकं मनगटाला घासत.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी चांदूर रेल्वेला मामांच्या तेरवीला गेले. तिथे अर्धा मांडव खोकत होता. परतले ती अंगात ताप घेऊनच. पण सणाचा बाजार! खोकणाऱ्या बाईकडून भाजी कोण घेईल? गोळी गिळली, पदर तोंडाशी धरला आणि दुकान मांडून बसले. संध्याकाळी मात्र वाड्याच्या कुंपणाशी मनसोक्त खोकून घेतलं. डुकरांपुढे कसली लाज! श्रावणनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको माणिकबाई अद्रकाचा काढा घेऊन दारात उभी. मी प्यालेही.

चार दिवसांनी डुकरं शिंकायला लागली. नाकं गळायची, पाटीकडे बघतसुद्धा नव्हती. त्याच सुमारास किराणावाल्या श्यामच्या बायकोला, आकांक्षाला, ताप चढला. दवाखान्यात भरती केलं, तपासणीत स्वाइन फ्लू निघाला.

गल्लीला एवढं पुरलं. रोगाच्या नावातच डुक्कर, आणि डुकरं समोर शिंकत होती. डुकरं हटवा म्हणून श्यामनं महापालिकेला अर्ज लिहून आणला.

"दीपमालाताई, सगळ्यात जवळचं घर तुमचं. पयली सही तुमीच करा."

मला माझा ताप आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. म्हणूनच पेन झटकन घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी अंगानं अनुभवलंय. सगळ्यांची बोटं तिकडे वळली की माझ्याकडे कोण बघणार होतं!

महापालिकेची गाडी आली. आधी जनावरांच्या डॉक्टर वर्षाली मॅडमनी चार-पाच डुकरांच्या नाकातले नमुने घेतले. मग फास टाकून चौदाच्या चौदा ओढत नेली. श्रावण गाडीमागे हात जोडत धावला. मी दारात नाकाला पदर लावून उभी होते, लोकांना दिसावी अशी.

आकांक्षा बरी होऊन घरी आली. पंधरा दिवसांनी वर्षाली मॅडमही आल्या, श्रावणच्या ओट्यावर बसल्या. शेजारीण म्हणून मलाही बोलावलं.

"डुकरांना फ्लू होता," त्या म्हणाल्या, "पण सध्या माणसांत फिरतोय तोच. माणसाकडून डुकरांनाही तो जातो. आकांक्षाबाई तर वाड्याच्या जवळपासही आल्या नव्हत्या. मला सांगा, डुकरं शिंकायच्या आधी इथं येणाऱ्या कोणाला ताप, खोकला होता का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आकांक्षा माझ्यासमोर अर्धा तास वांगी निवडत बसली होती, ते मला तेव्हा आठवलं. कानशिलं तापली. मी श्रावणकडे बघितलं. काढा त्याच्याच घरातून आला होता, तो विसरला नसणार.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या वाड्याकडे.

"नाई मॅडम," तो म्हणाला, "कोनीच नव्हतं."

मॅडम गेल्यावर मी विचारलं, "कावून नाई सांगतलं रे?"

"सांगतलं असतं तं तुमची भाजी कोनं घेतली असती, ताई?"

त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते. त्यानं तेवढंही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नेहमीसारखी पोती उतरवली. मॅडमचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. अजून लावलेला नाही. एवढी मी नीच.

त्याच दिवशी संध्याकाळी, डुकरं जाऊन पंधरा दिवस उलटले तरी, सवयीनं पाटी भरली, सवयीनंच कुंपणाशी गेले. वरच चावलेली काकडी होती. आत फक्त वाळलेला चिखल. मी तशीच उभी राहिले.

मागून माणिकबाई आली. "आना इकडे, मी फेकून देते," म्हणत तिनं माझ्या हातातून पाटी घेतली.

जाता जाता थांबली.

"ताई, खोकला बरा हाये नं आता?"